गाय वळत नाही, आपोआप वळते, उगाच उडी मारते: 'वी प्ले'मधल्या 'चार्ज'ची नेहमीची अडचण

सुट्टीत भाचरं आली की कपाटावरचा निन्टेंडो वी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, खाली उतरतो. सेल बदलले जातात, तबकडी पुसली जाते, आणि तासाभरात आतल्या खोलीतून हाक येते, "मामा, गाय ऐकतच नाहीये!" मग रिमोटवर चापट्या बसतात, सेल काढून पुन्हा घातले जातात, आणि शेवटी निकाल लागतो की रिमोट बिघडला. ही तक्रार मी आमच्या घरी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि मित्रांच्या घरीही, की एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. बहुतेक वेळा रिमोट चांगला असतो. चुकतो तो आपला अंदाज, की रिमोटला काय कळतं आणि काय कळत नाही.

ज्यांना खेळ आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'वी प्ले' जपानमध्ये डिसेंबर २००६ मध्ये आली आणि अमेरिकेत फेब्रुवारी २००७ मध्ये. एका तबकडीत नऊ छोटे खेळ आणि सोबत एक रिमोट. दुसरा रिमोट हवाच असायचा, म्हणून पुष्कळांनी ती घेतली. जगभरात तिच्या सुमारे २.८ कोटी प्रती गेल्या. त्या नऊपैकी आठवा खेळ 'चार्ज'. आपण बनवलेलं पात्र गाईवर बसतं (वीवर या पात्रांना 'मी' म्हणतात, आणि ते नाव मराठी कानाला किती चपखल लागतं!). रस्त्यातली बुजगावणी उडवत, अडथळ्यांवरून उड्या मारत शेवटपर्यंत जायचं. रिमोट आडवा, दोन्ही हातांत. पुढे कलवला की वेग वाढतो, मागे कलवला की कमी होतो. डावी-उजवी बाजू खाली केली की गाय तिकडे वळते. रिमोट झटक्याने वर उचलला की उडी. बटणांचं काहीही काम नाही. म्हणूनच आजीपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत कुणीही खेळू शकतं, आणि म्हणूनच काही बिघडलं की कुठे बघायचं ते कुणालाच कळत नाही.

रिमोटच्या पोटातला ओळंबा

उपाय सांगण्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी. ती बसली की अर्ध्या तक्रारी तुमच्या तुम्हालाच सोडवता येतील.

गवंड्याचा ओळंबा तुम्ही पाहिला असेल. दोरीला बांधलेलं वजन. ते एकच सांगतं, खाली कुठे आहे. भिंत कलली असेल तर कळतं, पण तीच भिंत उत्तरेला तोंड करून आहे की पूर्वेला, हे ओळंब्याला कधीच सांगता येणार नाही. पहिल्या वी रिमोटमध्ये हेच आहे. आतल्या चिपमध्ये सिलिकॉनचं एक अतिसूक्ष्म वजन तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तरंगत असतं. रिमोट कलला की ते गुरुत्वाकर्षणामुळे थोडं सरकतं, आणि किती सरकलं ते विजेच्या मापाने मोजलं जातं. तीन दिशांना असं मापन होतं. चिप अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची, एडीएक्सएल३३०, आणि तिची कक्षा साधारण अधिक-उणे ३ जी. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोरापर्यंतचं तिला मोजता येतं. गोल फिरणं मोजणारा जायरोस्कोप त्यात नव्हता. तो जून २००९ मध्ये 'मोशनप्लस' या वेगळ्या जोडणीच्या रूपात आला आणि पुढे रिमोटच्या आतच बसवला गेला. पण 'वी प्ले' २००६ ची. तुमच्याकडे नवा रिमोट असला तरी हा खेळ जायरोस्कोपला विचारत नाही, तो ओळंब्यालाच विचारतो.

आता तक्रारी घेऊ.

"हँडल फिरवतो, पण गाय वळत नाही"

सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी हीच. आणि सायकल चालवता येणाऱ्या मुलांकडूनच जास्त.

त्यांचे हात बघा. रिमोट जमिनीला समांतर धरलेला असतो आणि वळायचं असलं की सायकलच्या हँडलसारखा फिरवला जातो, डावा हात पोटाकडे आणि उजवा हात पुढे. सायकलवर हे अगदी बरोबर आहे. पण रिमोट या सगळ्यात समांतरच राहिला. ओळंब्याच्या दृष्टीने काहीच घडलं नाही, 'खाली' जिथे होतं तिथेच आहे. गाय सरळ जाणारच.

वळायचं ते मोटारीच्या स्टेअरिंगसारखं. डावीकडे जायचं तर डावा हात खाली, उजवा हात वर. मग रिमोटच्या लांबीवर गुरुत्वाकर्षणाचा काही भाग येतो आणि तो मोजता येतो. १० अंश कलवला तर जेमतेम ०.१७ जी, ३० अंशांना ०.५ जी. मुलांना मी आकडे सांगत नाही. एक जुनी रिकामी ताटली हातात देतो आणि त्यात एक गोटी ठेवतो. "गोटी जिकडे घरंगळेल, गाय तिकडे जाईल." दोन मिनिटांत जमतं. ताटली नुसती जागच्या जागी फिरवून गोटी घरंगळत नाही हेही त्यांना हाताने कळतं, आणि हे कळणंच महत्त्वाचं आहे.

या तक्रारीत एक फसवी छटा असते. काही मुलं हँडल फिरवताना नकळत रिमोट थोडा कलवतातही. मग गाय कधी वळते, कधी नाही, कधी अर्धवट. "रिमोट मधेच चालतो, मधेच नाही" अशी तक्रार आली की लगेच सेल किंवा ब्लूटूथकडे धावू नका. आधी दोन मिनिटं हात बघा.

"गाय मंदच चालते"

खेळणारा कुठे बसलाय? सोफ्यावर रेलून बसलं की कोपर पोटावर टेकतात आणि रिमोट आपोआप आपल्याकडे, म्हणजे मागे झुकतो. आपल्याला तो सरळ धरल्यासारखा वाटतो, कारण आपण स्वतःच मागे झुकलेले असतो. ओळंबा सोफ्याच्या पाठीशी जुळवून घेत नाही. त्याच्यासाठी तुम्ही लगाम खेचून धरलाय.

उपाय: पाठ सरळ, खुर्चीच्या कडेला किंवा जमिनीवर मांडी घालून, कोपर अंगापासून किंचित सुटे. बटणं छताकडे. तिथून पुढे थोडं झुकवलं की वेग येतो. भाचीने एकदा पलंगावर पालथं पडून खेळायचा प्रयत्न केला होता. तिची गाय सारखी भरधाव सुटायची आणि अडथळ्यांवर आदळायची, कारण त्या अवस्थेत तिची मनगटं पुढेच झुकलेली असायची. खाली उतरून मांडी घालून बसल्यावर पहिल्याच फेरीत तिने मला हरवलं.

"मधेच उडी मारते, वळताना हिसका देते"

ही तक्रार मला सगळ्यात रंजक वाटते, कारण तिच्या मुळाशी पदार्थविज्ञानातली एक खरी मर्यादा आहे. गुरुत्वाकर्षण आणि हाताचा हिसका, दोन्ही त्या सूक्ष्म वजनाला सारखेच ढकलतात. कशाने ढकललं हे वजनाला कळायची सोयच नाही. ओळंब्याची दोरी हलवली तर वजन झोके घेतं, आणि झोके घेणाऱ्या ओळंब्यावरून भिंत सरळ आहे की नाही ते कोण सांगू शकेल?

वर म्हटलं तसं १० अंशांच्या वळणाची खूण ०.१७ जी एवढीच. उत्साहाच्या भरात हाताला बसणारा हिसका सहज १ जीच्या वर जातो. खुणेपेक्षा गोंगाट पाचसहा पट मोठा झाला. खेळाला वाटतं तुम्ही उडी मारायला सांगितलंत, किंवा त्या क्षणापुरतं वळण भलतंच मोठं दिसतं. म्हणून शेवटच्या टप्प्यात, घरातले सगळे ओरडायला लागले की गाय जास्त बिथरते. यंत्र तेच असतं, हात बदललेले असतात.

सवय अशी लावा: वळण हळू, उडी जलद. वळताना मनगटं मऊ ठेवून कलवायचं आणि तिथे क्षणभर थांबायचं. उडीसाठी दोन्ही हातांनी एकदाच, छोटासा झटका वर द्यायचा आणि लगेच रिमोट पुन्हा सपाट. बहुतेक जण उडी मारताना रिमोट वर नेतात तो मागे झुकवूनच ठेवतात. उडी होते, पण उतरल्यावर गाय मंदावते आणि पुढच्या बुजगावण्यांचा घोळका हातचा जातो. उडीनंतर सपाट, हे एवढं जरी मनगटाला शिकवलं तरी गुणांत फरक दिसतो.

"सगळं उलटं होतंय"

रिमोट उलटा धरलाय. अधिक चिन्हासारखं दिशेचं बटण डाव्या हाताशी आणि १-२ ही बटणं उजव्या हाताशी हवीत. दोघं खेळत असाल तर आपण आपलीच गाय बघतोय ना, तेही तपासा. रिमोटच्या तळाशी असलेल्या चार निळ्या दिव्यांपैकी पहिला लागला असेल तर तुम्ही पहिले खेळाडू, दुसरा लागला असेल तर दुसरे. क्रम बदलायचा असेल तर होम बटण दाबून रिमोटच्या सेटिंगमध्ये जा, पुन्हा जोडणी निवडा आणि ज्या क्रमाने खेळायचं त्या क्रमाने एकेका रिमोटचं १ आणि २ एकत्र दाबा.

"वळते, पण उशिरा"

इथे रिमोटला मोकळं सोडा आणि टीव्हीकडे वळा. ही तक्रार जुन्या डब्बा टीव्हीवर नव्हती. घरात मोठा सपाट टीव्ही आला आणि सुरू झाली. वीचं चित्र फार तर पाचसहाशे रेषांचं. नवा टीव्ही ते ताणून स्वतःच्या आकाराला बसवतो, कडा घासतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. ६० हर्ट्झला दर सेकंदाला ६० चित्रं येतात. टीव्हीने सेकंदाचा दहावा भाग जरी घेतला तरी तुम्ही बघताय ते सहा चित्रं शिळं आहे. तुम्ही वळवता, गाय वळलेली दिसत नाही, म्हणून आणखी वळवता, मग ती जास्तच वळते, मग उलटं खेचता. नागमोडी चाल सुरू. बघणाऱ्याला वाटतं की रिमोट थरथरतोय.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. वीच्या मुख्य पडद्यावर या आणि हाताचा बाण एखाद्या चौकटीवर न्या. बाण चौकटीवर पोहोचताच रिमोट हातात हलकेच थरथरतो. ती थरथर सरळ वीकडून येते, टीव्हीतून नाही. थरथर आधी जाणवली आणि बाण चौकटीवर नंतर पोहोचलेला दिसला, तर मधला वेळ टीव्हीने खाल्लाय.

टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि सुरू करा. काही टीव्हींवर तो प्रत्येक जोडणीसाठी वेगळा असतो, म्हणून वी ज्या पिनला लावलाय तीच निवडलेली असताना बदल करा. हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय वेगळा दिसत असेल तर तोही बंद. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची केबल असेल तर शक्य झाल्यास पाच पिनांची कॉम्पोनंट केबल घ्या आणि वीच्या सेटिंगमध्ये पडद्याच्या भागात जाऊन ४८०पी निवडा. टीव्हीचं काम थोडं कमी होतं, चित्रही स्वच्छ दिसतं. आपल्याकडच्या पॅल (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) यंत्रात ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ असे पर्याय दिसतील. साधी केबल असली तरी ६० निवडून बघा.

स्वस्तातला एचडीएमआय जोडही मधे लावलेला असेल तर एकदा तो काढून, थेट केबल लावून पाहा. आमच्या घरी तोच दोषी निघाला होता, आणि मी मात्र तोवर दोन रिमोट उघडून बसलो होतो.

"सरळ धरला तरी डावीकडेच जाते"

आता खरोखर रिमोटकडे बोट दाखवणारी तक्रार. तरीही आधी अदलाबदल करा. दोन खेळाडूंनी रिमोट बदलायचे, जागा नाही. दोष रिमोटबरोबर गेला तर रिमोटचा. त्याच माणसाकडे राहिला तर त्याचा एक हात सवयीने खाली राहतो.

मग टेबलाची परीक्षा. फेरी सुरू करा आणि रिमोट आडवा, बटणं वर, टेबलावर ठेवून द्या. खालच्या बाजूला बी बटणाचा उंचवटा असतो, म्हणून सारख्या जाडीची दोन पुस्तकं घेऊन तो मधल्या फटीत येईल असं ठेवा. कुणी हात लावत नसताना गाय सरळ जायला हवी. एका बाजूला जात असेल तर टेबल कललेलं आहे की रिमोटचा ओळंबा चुकलाय? गवंडी आपली पाणसळ तपासताना ती उचलून टोकं अदलाबदल करून पुन्हा ठेवतो. तेच करा. रिमोट त्याच पुस्तकांवर उलट दिशेने ठेवा. गाय आता दुसऱ्या बाजूला जायला लागली तर टेबल तिरकं आहे. तरीही डावीकडेच जात राहिली तर चूक रिमोटच्या आत आहे.

इथे लोक 'कॅलिब्रेशन' शोधायला लागतात. जुन्या वी रिमोटसाठी तसा पर्याय वीच्या सेटिंगमध्ये नाही. शून्य कुठे आणि १ जी कुठे याची मापं कारखान्यातच रिमोटच्या स्मृतीत लिहिलेली असतात. रिमोट सपाट जागेवर पालथा ठेवून काही क्षण थांबायचा सल्ला सगळीकडे दिसतो, तो जायरोस्कोप असलेल्या 'मोशनप्लस'च्या खेळांसाठी आहे. इथे त्याने काही बदलत नाही.

मग उरतं काय? रिमोट पडला असेल तर आतलं ते सूक्ष्म वजन अडकून बसू शकतं. तेव्हा रिमोटचं तोंड खाली करून तळहातावर चारपाच वेळा मध्यम जोराने आपटा. टेबलावर नाही, तळहातावर. अडकलेलं वजन कधीकधी यानेच सुटतं. सुटलं नाही तर रिमोट उघडून फारसा फायदा नाही. त्याचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, तसा स्क्रूड्रायव्हर मुद्दाम घ्यावा लागतो, आणि ती चिप घरी बदलण्यासारखी नाही.

सेल आणि जोडणीचं

हे शेवटी लिहितोय, कारण लोक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थांबतात. सेल उतरले तर गाय तिरकी जात नाही, रिमोटची जोडणीच तुटते आणि पडद्यावर तशी सूचना येते. गाय अचानक एकाच दिशेला अडकून राहिली आणि क्षणभराने भानावर आली तर मात्र ब्लूटूथ मधेच तुटतंय. वी लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे दडपलेला असेल तर बाहेर काढा. रिमोटचं झाकण उघडून आतलं लाल बटण आणि वीच्या पुढच्या बाजूचं मेमरी कार्डाचं झाकण उघडून आतलं लाल बटण, असं एकापाठोपाठ दाबून जोडणी नव्याने करा.

पेन्सिल सेल महिनोन्महिने आत ठेवू नका. ते पाझरतात आणि आतल्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. कापसाच्या काडीला थोडंसं व्हिनेगर लावून थर पुसा, मग कोरड्या काडीने, आणि पूर्ण सुकल्यावरच नवे सेल. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. त्यामुळे भरलेले असूनही होमच्या पडद्यावर पट्टी कमी दिसते, त्याने घाबरून जाऊ नका.

टीव्हीखाली ठेवायच्या त्या लांबट पट्टीबद्दलही विचारलं जातं. तिच्यात फक्त अवरक्त दिवे असतात आणि ती बाण दाखवण्यापुरती लागते. गाय चालवताना तिचा संबंध नाही. म्हणून बाण उड्या मारतोय पण गाय नीट चालतेय, तर पट्टी, खिडकीतलं ऊन किंवा समोरचा दिवा बघा. बाण स्थिर आहे आणि गाय तिरकी जातेय, तर वरची टेबलाची परीक्षा.

रिमोट बदलायचाच असेल तर एक सांगणं. आता जे मिळतात ते बहुतेक वापरलेले किंवा नकली. हुबेहूब दिसणारे स्वस्त नकली रिमोट मी दोनदा घेतले. बटणं उत्तम चालली, टेबलावर दोन्हींची गाय उजवीकडे गेली. तेव्हापासून वापरलेला पण मूळ कंपनीचा रिमोट बघतो, विकणाऱ्याच्या घरी वी असेल तर तिथेच 'चार्ज' लावायला सांगतो, आणि पिशवीत सारख्या जाडीच्या दोन वह्या घेऊन जातो.